ओम्नीचा सडका पत्रा: चिकटवायचा की वेल्ड मारायचा?

खानापूर तालुक्यातून, जांबोटीच्या बाजूच्या एका भावानं विचारलंय. २०११ ची ओम्नी आहे, पंधरा वर्षं भरत आलीत, आरसी रिन्यू करायची म्हणजे गाडी आरटीओत नेऊन दाखवणं आलं. सरकत्या दाराचा खालचा पत्रा बोट घातलं की आत जातो. मागच्या चाकावरच्या कमानीची कड खाल्लीय. मधल्या सीटखाली फ्लोअरला तळहाताएवढं भोक पडलंय. दाराखालची पेटी, म्हणजे उंबऱ्यासारखा पोकळ पत्रा, फुगलीय. गाडीला एलपीजी किट आहे म्हणून गावातला वेल्डर हात लावायला तयार नाही. बेळगावात कुणीतरी दोन नळ्यांचं काडतूस दाखवलं, त्याला ‘पॅनल बाँडिंग’ म्हणतात, आणि वर सांगितलं की आता परदेशात वेल्डिंग बंदच झालंय, सगळं चिकटवतात. हे खरं आहे का, आणि टिकेल का, असा प्रश्न.

भाऊ, निम्मं खरं आहे. सव्वीस वर्षं डेंटिंग करतोय, त्यातली सुरुवातीची बरीच गॅसच्या टॉर्चनं, मग सीओटू (वायूच्या आवरणातलं, तारेचं) वेल्डिंग आलं, आणि गेली काही वर्षं हे काडतूसही कपाटात असतं. त्यामुळं चिकटवण्याला नावं ठेवणाऱ्यातला मी नाही. पण तुमचा प्रश्न मला जरा वेगळा दिसतो. तुम्ही विचारताय ‘गम की वेल्डिंग’. तुम्ही सांगितलेल्या चार जागा म्हणजे चार वेगळी कामं आहेत, आणि चौघांचं उत्तर एक नाही. गाडीला कातडी असते आणि हाडं असतात. कातडी चिकटवता येते. हाड चिकटवायचं नसतं. आणि या दोन्हीच्या आधी एक गोष्ट ठरवावी लागते, ती म्हणजे गंज संपतो कुठं.

आधी हाडा-कातडीचं बघू. बोलेरोसारख्या गाडीला खाली शिडीसारखी वेगळी चासी असते, बॉडी तिच्यावर बसवलेली. ओम्नीला तशी चासी नाही. फ्लोअर, दाराखालची पेटी, पिलर, छप्पर हे सगळं मिळूनच तिची चासी. म्हणजे बोलेरोच्या फ्लोअरला भोक पडलं तर पाय ओले होतील, ओम्नीच्या पेटीला पडलं तर गाडीचं बळ जाईल. बाहेरून दोन्हीकडं गंज तोच दिसतो, तांबडा. कानडी गिऱ्हाईक ‘तुक्कू’ म्हणतं, आपण जंग म्हणतो. पण कुठं लागलाय त्यावर त्याचा गुन्हा ठरतो.

आता हा गम नेमका काय आहे ते सांगतो, म्हणजे पुढचं पटेल. बहुतेक पॅनल बाँडिंग म्हणजे दोन भागांची इपॉक्सी. एका नळीत राळ, दुसरीत हार्डनर, पुढं पिळदार नोझल, त्यातून बाहेर येताना दोन्ही एकत्र मिसळतात. घरात अराल्डाइट वापरलं असेल, त्याच कुळातलं, पण गाडीच्या पत्र्यासाठी जरा लवचिक आणि धक्का सोसणारं केलेलं. काचा बसवायचा काळा पॉलियुरेथेन गम वेगळा, त्यानं पत्रा जोडायचा नाही. शिवण भरायचा सीलर त्याहून वेगळा. दुकानात तिन्हीला ‘बाँडिंग’ म्हणून देतात, तेव्हा डबा वाचून घ्या, आणि मुदतीची तारीखही बघा.

ताकद म्हणाल तर ती खोटी नाही. घासून स्वच्छ केलेल्या पोलादावर चांगल्या इपॉक्सी बाँडिंगची सरकत्या ओढीतली ताकद १५ ते २५ मेगापास्कल भरते. खालचा आकडा धरला तरी एका चौरस इंचाचा जोड हजार किलोच्या जवळपास ओढ सोसेल. एक इंच रुंदीचा, पाऊण मिलिमीटर जाडीचा साधा पत्रा त्याच्या कितीतरी आधी ताणून फाटतो. पण यात ‘सरकत्या ओढीतली’ हा शब्द महत्त्वाचा. भिंतीला थापलेली गवरी आठवा. तिला भिंतीसरशी कितीही ढकला, ती हलत नाही. एका कडेला बोटं घालून बाहेर ओढली की सुटत येते. गमाचा जोड अगदी तसाच असतो. पत्र्यावर पत्रा ठेवून सरकवायचा जोर तो आयुष्यभर सोसेल, कड उचलली गेली की सोलत जातो. इंग्लंडच्या लोटस कंपनीनं १९९६ साली एलिझ काढली, तिची ॲल्युमिनियमची चासी इपॉक्सीनंच चिकटवलेली आहे. म्हणजे चासीसुद्धा चिकटवता येते. पण तिथंही सोलायचा जोर येणाऱ्या जागी त्यांनी स्क्रू मारलेत, आणि तो जोड पहिल्यापासून गमासाठीच आखलेला. आपण स्पॉट वेल्डिंगसाठी (ठिपक्या-ठिपक्यांच्या टाक्यांसाठी) आखलेल्या पेटीला गम लावायला निघालोय, हा फरक आहे.

परदेशात सगळं चिकटवतात, असं जो म्हणाला त्याला हेही सांगा. अमेरिकेत टेक्ससमध्ये २०१७ साली एका बॉडी शॉपविरुद्ध ज्युरीनं ३ कोटी १५ लाख डॉलरचा निकाल दिला. गाडी होती २०१० ची होंडा फिट, म्हणजे आपल्याकडची जॅझ. गारांनी चेपलेलं छप्पर बदलताना त्या शॉपनं ते गमानं चिकटवलं. होंडाची सूचना स्पॉट वेल्डिंगची होती. ती गाडी पुढं दुसऱ्यांनी विकत घेतली, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं, अपघात झाला आणि नवराबायको दोघंही जबर जखमी झाले. काम दिसायला उत्तमच असणार, म्हणून तर विकली गेली. तेव्हा जिथं कंपनी वेल्ड मारते तिथं वेल्डच, आणि जिथं कंपनी स्वतः गम वापरते तिथं आपणही खुशाल वापरावा, हा माझा साधा हिशेब.

कंपनी कुठं वापरते? दारात. दाराचा बाहेरचा पत्रा आतल्या सांगाड्यावर कड दुमडून बसवतात, आणि त्या दुमडीत गम असतो. त्यामुळं तुमच्या चार जागांपैकी सरकतं दार हे बाँडिंगचं सगळ्यात हक्काचं काम. इथं मी वेल्डिंग मारणारच नाही. टॉर्च किंवा सीओटू, कशानंही पातळ पत्र्याला लाटा येतात, मग त्या झाकायला लांबी (पुट्टी) भरायची. आणि बाहेरून वेल्ड मारला की त्याच्या मागचा रंग जळतो. दाराच्या पोटात, जिथं हात पोचत नाही तिथं, उघडा पत्रा राहतो. पुढच्या गंजाची पेरणी तिथंच होते. आमच्याकडं दोन पावसाळ्यांनी परत येणाऱ्या गाड्यांत निम्म्या अशा असतात: वेल्ड शाबूत, पण त्याच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या इंचावर नवी भोकं. गमाला उष्णता लागत नाही, त्यामुळं मागचा रंग जसाच्या तसा राहतो, शिवाय जोडात पाणी शिरायला फट उरत नाही. बाँडिंगचा खरा फायदा हा आहे. ताकदीची जाहिरात करतात, मला हा फायदा मोठा वाटतो.

चाकावरच्या कमानीचं काम अटीवर. बाहेरची कड तेवढीच गेली असेल तर चिकटवा. पण कमान म्हणजे बाहेरचा पत्रा आणि आतला पत्रा कडेला एकत्र आलेले असतात, आणि त्या दोघांच्या मध्येच तुमच्याकडची तांबडी माती बसते. खानापूरचा पाऊस, ती माती, वर शेतावर खताची पोती नेली असतील तर युरिया-पोटॅशचे सांडलेले कण. चोर्ल्यावरून गोव्याला फेऱ्या होत असतील तर मिठाची हवा आहेच. ती माती एकदा ओली झाली की दिवाळीपर्यंत वाळत नाही. आतला पत्राही गेला असेल तर तो आधी वेल्डनं नीट करायचा, मग बाहेरची कातडी चिकटवायची.

फ्लोअरच्या भोकाबद्दल मी इथून छातीठोक सांगू शकत नाही, जागा बघायला हवी. दोन उभ्या-आडव्या पट्ट्यांच्या मधला सपाट पत्रा असेल, आजूबाजूला चार बोटं चांगलं लोखंड लागत असेल, तर ठिगळ चिकटवून चालवणारे चांगले कारागीर आहेत. मी ओम्नीच्या फ्लोअरला वेल्डच मारतो. सीटचा बोल्ट, बेल्टचा नट, पाट्याची (लीफ स्प्रिंगची) हँगर यापैकी काही भोकापासून वीतभर अंतरात असेल तर मग चर्चाच नको, वेल्ड.

आणि फुगलेली पेटी. तिला गम लावू नका. कुणी लावून देतो म्हणाला तर गाडी तिथून काढा. पेटी फुगते याचा अर्थ आत गंज भरलाय. लोखंडाचा गंज झाला की तो मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा घेतो, त्यामुळं दोन पत्र्यांच्या शिवणीत तो पाचरीसारखा काम करतो, स्पॉट वेल्डचे टाके एकेक करून उचकटतो. बाहेरून फुगा दिसेपर्यंत आतलं काम झालेलं असतं. ती कापायची, आतली पट्टी बघायची, लागली तर नवी घालायची, आणि सगळं वेल्डनं बंद करायचं. सरकत्या दाराचा खालचा रोलर त्याच भागातल्या पट्टीवर चालतो, तेव्हा कापण्याआधी आतून आडवा पाइप टेकवून दाराचं माप धरून ठेवा, नाहीतर दार परत बसणार नाही. हे एकदा माझ्या हातून झालंय. तीन दिवस त्या दाराशी कुस्ती खेळलो.

राहिली एलपीजीची अडचण. तुमचा वेल्डर नाही म्हणतो ते बरोबर आहे, त्याला भित्रा म्हणू नका. पण म्हणून हाडाला गम लावणं हा त्यावरचा उपाय नाही. किट बसवणाऱ्याकडून टाकी उतरवून घ्या, नुसता व्हॉल्व्ह बंद करून भागत नाही. पेट्रोलची टाकीही वेल्डिंगच्या जागेजवळ असेल तर खाली घ्या. बॅटरीची तार काढा, सीट-मॅट बाहेर, शेजारी पाण्याची बादली आणि एक माणूस. अर्ध्या दिवसाचं काम आहे, त्यासाठी पेटीचा सौदा करू नये.

म्हणजे आतापर्यंत: दार चिकटवा, कमानीची बाहेरची कड चिकटवा, फ्लोअर बघून ठरवा पण माझा कल वेल्डकडं, पेटी वेल्डच. आता चिकटवायचं ते कसं, कारण बाँडिंग फसतं ते बहुतेक वेळा गमामुळं नाही, त्याच्याआधीच्या तासाभरातल्या कामामुळं.

माझं स्वतःचंच सांगतो. बाँडिंग नुकतं वापरायला लागलो तेव्हा एका दूधवाल्याच्या व्हॅनची कमान केली. गंजलेला भाग कापला, पण कडेला थोडे तांबडे डाग उरले होते. ते घासत बसण्यापेक्षा रस्ट कन्व्हर्टर मारला. ते औषध गंजाला काळं करतं, हात फिरवला की गुळगुळीत, कडक लागतं. मला वाटलं झालं काम. त्यावर बाँडिंग लावून ठिगळ बसवलं. पुढच्या श्रावणात तो दूधवाला ठिगळ हातात घेऊन आला. अख्खं, न वाकता, एका तुकड्यात निघालेलं. उलटं करून बघितलं तर गम ठिगळाला घट्ट, आणि गमाच्या पाठीवर तो काळा थर काजळीसारखा चिकटून आलेला. गाडीवरचा पत्रा उघडा, तांबडा. गमानं त्याचं काम चोख केलं होतं, ज्याला लावला त्याला धरून बसला. मी तो लोखंडाला लावलाच नव्हता. तो म्हणाला, “काय ओ मामा, गम चांगला नव्हता व्हय?” मी पैसे परत केले आणि तो तुकडा अजून गॅरेजच्या खिळ्याला टांगून ठेवलाय. नवीन पोरगा कामाला आला की त्याच्या हातात देतो.

तेव्हा गंज संपतो कुठं ते आधी शोधा. रंगाचा फोड जिथं दिसतो तिथं तो संपत नाही. जुना स्क्रू ड्रायव्हर घ्या, फोडापासून बाहेरच्या बाजूला टोचत जा. नंतर हातोडीच्या दांड्यानं वाजवत जा, चांगला पत्रा टणटणतो, सडका बद्द आवाज देतो. जिथं खणखणीत लागतं तिथून आणखी एक इंच सोडून खूण करा आणि तिथं कापा. भोक रुपयाएवढं होतं आणि कापताना ताट झालं म्हणून गिऱ्हाईक कुरकुरतं. कुरकुरू द्या. कोपरे मात्र गोल ठेवा, चौकोनी कोपऱ्यातून ठिगळ उचलायला सुरुवात होते.

ठिगळाला सीआरसी (कोल्ड रोल्ड, साधा बिनजस्ताचा) पत्रा घ्या, मूळ पत्र्याच्या जाडीचाच. छपराला वापरायचा जीआय (जस्त चढवलेला) पत्रा उरलाय म्हणून तो लावू नका. चारी बाजूंनी एक इंच चढेल इतकं मोठं कापा. बाहेरचा पत्रा सपाट दिसायला हवा असेल तर गाडीच्या पत्र्याच्या कडेला आत पायरी पाडून घ्यायची, म्हणजे ठिगळ त्या पायरीत बसतं आणि वर लांबीचा डोंगर लागत नाही. सुकं बसवून बघा, क्लॅम्प कुठं लागतील ते ठरवा, क्लॅम्प पोचत नसेल तिथं बारीक स्क्रूची भोकं आधीच पाडून ठेवा. गम लावल्यावर ड्रिल शोधायला जायचं नसतं.

मग सफाई. क्रम महत्त्वाचा: आधी पुसायचं, मग घासायचं, मग परत पुसायचं. आधी न पुसता ग्राइंडर फिरवला की तेल, वॅक्स, ग्रीस सगळं खरडीत घुसतं. ८० नंबरच्या पेपरनं दोन्ही पत्र्यांच्या जोडाच्या पट्ट्या चकचकीत पांढऱ्या होईपर्यंत घासा. रंग नको, प्रायमर नको, काळा डाग नको. खड्ड्यात एखादा तांबडा ठिपका राहिला तर तो खड्डा कापून टाका. शेवटी स्वच्छ पांढऱ्या फडक्यानं ॲसिटोन किंवा चांगल्या क्लीनरनं पुसा. ते भंगारातलं मळकट थिनर नको, ते सुकल्यावर मागं तेलकट हात ठेवून जातं. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसायचं आणि त्यानंतर बोट लावायचं नाही. आमच्याकडं आषाढात घासलेला पत्रा चहा पिऊन येईपर्यंत पिवळट पडतो, म्हणून घासल्यापासून तासाभरात गम लागला पाहिजे, पावसात त्याहून लवकर.

काडतूस गनमध्ये घातल्यावर नोझल लावायच्या आधी थोडं पिळा, दोन्ही नळ्यांतून सारखं यायला लागलं की मग नोझल. नोझलमधून आलेला पहिला वीतभर माल पुठ्ठ्यावर टाकून द्या, तो नीट मिसळलेला नसतो. काटकसर म्हणून तोच जोडात भरणारे मी पाहिलेत. रंग एकसारखा यायला लागला, पट्टे दिसेनासे झाले की तो खरा. दोन्ही पत्र्यांवर पातळ हात ब्रशनं चोळा, कुठंही उघडं लोखंड राहायला नको, कारण हाच थर जोडातला गंजरोधकही आहे. मग एका बाजूला सलग एक वळी ओढा आणि ठिगळ बसवा. बसवल्यावर जागा चुकली तर उचलू नका, सरकवा. उचलला की आत हवा शिरते आणि दाबल्यावर बाहेर पडत नाही.

क्लॅम्प आवळताना डेंटरचा हात आवरायला लागतो. वेल्डिंगच्या सवयीनं आपण पत्र्याला पत्रा चिकटेपर्यंत आवळतो. इथं तसं केलं की गम सगळा बाहेर, आणि जोड कोरडा. चांगल्या बाँडिंगमध्ये काचेचे बारीक मणी असतात, ते दोन पत्र्यांत पाव मिलिमीटरच्या आसपास जागा राखतात. कडेनं सगळीकडं सारखी बारीक वळी बाहेर आली की थांबा. ती वळी ओल्यातच बोटानं सपाट करा. हातात नायट्राइलचे मोजे हवेतच. कच्ची इपॉक्सी काही जणांच्या कातडीला एकदा बाधली की मग जन्मभर बाधते, माझ्या भावाच्या मुलाला या कामातून त्यामुळंच बाजूला व्हावं लागलं.

किती वेळ ठेवायचं? डब्यावर तास लिहिलेले असतात, पण ते साधारण २१ ते २३ अंशांचे. बेळगावची पौषातली पहाट त्याहून बरीच खाली असते. ढोबळ नियम असा की तापमान दहा अंशांनी उतरलं की वेळ दुप्पट धरायचा, आणि फारच गार असेल तर तो नीट कडक होतच नाही, रबरासारखा राहतो. हॅलोजन लावून हळूहळू ऊब द्या. उलट मे महिन्यात उन्हात तापलेल्या पत्र्यावर लावायला गेलात तर वळी ओढेपर्यंत गम अंगावर येतो. माझ्याकडं संध्याकाळी चिकटवलेली गाडी दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत क्लॅम्पमध्येच असते. लांबी, प्रायमर त्यानंतर.

एक सवय लावून घ्या. प्रत्येक काडतुसातून ठिगळ चिकटवताना त्याच पत्र्याच्या दोन पट्ट्या, तशाच घासून, तशाच चिकटवून बाजूला ठेवा. दुसऱ्या दिवशी एक पट्टी वाइसमध्ये धरा आणि दुसरी पक्कडीनं सोला. फाटताना गम मधूनच फाटला, दोन्ही पट्ट्यांवर त्याचा थर राहिला, तर काम पक्कं. एका पट्टीवर चकाकत लोखंड उघडं निघालं तर सफाई चुकली, गाडीवरचं ठिगळही तसंच सुटणार. दोन रुपयांच्या पट्ट्या आहेत, पण गाडी गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी कळतं.

दाराच्या बाबतीत आणखी एक. ठिगळाची शिवण सपाट पत्र्याच्या मधोमध घेऊ नका. गम आणि पत्रा उन्हात सारखे फुगत नाहीत. रंगल्यावर चार दिवस कळत नाही, पण एप्रिलच्या दुपारी तिरप्या उन्हात दारावर केसासारखी सरळ रेघ उमटते आणि मालकाची नजर रोज तिथंच जाते. शिवण बॉडीच्या रेषेत, मोल्डिंगखाली किंवा खालच्या कडेजवळ लपवा. आणि चिकटवलेल्या जागेजवळ नंतर कधी वेल्ड मारायचा झाला तर त्या कारागिराला सांगा. ज्योत लागली की गम जळून जोड सुटतो, आणि तो धूर नाकातोंडात जाण्यासारखा नाही. म्हणूनच तुमच्या गाडीत आधी पेटी आणि फ्लोअरचं वेल्डिंग, मग दार नि कमान.

सगळं झाल्यावर दाराच्या तळाची पाणी जायची भोकं तारेनं मोकळी करा. तुमचं दार सडलं ते तिथूनच. काचेच्या रबरातून पाणी आत जाणारच, ते बाहेर पडायला वाट हवी. नव्या शिवणीला आतून सीलर, मग दारात आणि पेटीत लांब नळीनं कॅव्हिटी वॅक्स (पोकळीत मारायचं गंजरोधक मेण) मारा. भोकं पुन्हा बघा, वॅक्सनंच बुजलेली नाहीत ना. कमानीची माती दर आठ-पंधरा दिवसांनी पाइपानं धुवा. आरटीओच्या साहेबांसमोर पेटी लांबी-रंगानं झाकून नेण्याचा सल्ला तुम्हाला मिळेल, कदाचित मिळालाही असेल. गाडीत तुमचीच माणसं बसतात, एवढंच मी म्हणेन.

काडतूस स्वस्त नसतं आणि उघडल्यावर, नोझल बदलली तरी, फार दिवस ठेवण्यासारखं नाही. तेव्हा लगेच घेऊ नका. आधी मधल्या सीटखालची मॅट उचला, पेटीच्या खालच्या शिवणीला पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत दर चार बोटांवर स्क्रू ड्रायव्हर टोचा, आणि जिथं जिथं आत गेला तिथं खडूनं खूण करून गाडीखालून फोटो काढा. दोन्ही बाजूंचे पाठवा, नुसत्या डाव्या बाजूचे नकोत. खुणा चारच्या आत असतील तर मृगाच्या आधी सगळं उरकतं. दहाच्या वर असतील तर मग दाराला हात लावण्याआधी ही ओम्नी ठेवायची की नाही, यावरच बोलू.